फॉरमॅट मारू का?

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमधून निघतच होतो. "अरे, ह्याच्यावर आलंय की डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करा म्हणून, खाली बटण पण दिलंय, दाबू का?" मी म्हटलं काकू, नका दाबू, कशालाच हात लावू नका, लॅपटॉपचं झाकणसुद्धा मिटू नका, मी येतोय. तर त्या म्हणाल्या, "अरे पण तोच विचारतोय ना, म्हणजे करावंच लागत असणार ना ते." पुढे वीस मिनिटं सिग्नलला सिग्नलला थांबत घरी येताना माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. तोच विचारतोय ना! बँकेच्या नावाने कोणी ओटीपी मागितला तर फोन कट करायचा हे काकूंना नीट ठाऊक आहे, अनोळखी लिंक त्या उघडत नाहीत, पण इथे विचारणारा घरातलाच लॅपटॉप होता. त्याच्यावर संशय कोण घेणार.

डिस्क काकांची. काका पाटबंधारे खात्यात होते, आयुष्यभर बदल्या, कधी धरणाच्या वसाहतीत तर कधी कालव्याच्या कडेच्या क्वार्टरमध्ये, आणि जिथे जातील तिथे टेपरेकॉर्डर घेऊन कीर्तनाला, भजनाला, सप्त्याला पुढे जाऊन बसायचे. त्या सगळ्या कॅसेट रिटायर झाल्यावर त्यांनी विंडोज एक्सपीवाल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. डेकची वायर एका छोट्या यूएसबी साउंड कार्डात, कार्ड लॅपटॉपला, आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी चालू, आणि कॅसेट जेवढी तासाची तेवढाच वेळ समोर बसून ऐकायचं कारण दुसरा काही मार्गच नसतो. एमपीथ्री करा म्हटलं तर नाही म्हणाले, आवाज मरतो. वेव्ह फाइल म्हणजे मिनिटाला साधारण दहा एमबी, तासाची कॅसेट सहाशे एमबी, त्यामुळे २०१२ मध्ये त्यांनी तीन टीबीची मोठी एक्स्टर्नल डिस्क घेतली, स्वतःचा अडॅप्टर असलेली, टेबलावर उभी राहणारी. ती रेकॉर्डिंग मी ऐकलीयत. एकात बुवा अभंगाचं चरण उचलतायत आणि मागे जनरेटर सतत घरघरतोय, मध्येच जनरेटर बंद पडतो आणि अचानक टाळ इतके स्वच्छ ऐकू येतात की आपण दचकतो. एकात कुत्रं भुंकतं आणि बुवा निरूपणातच त्याला काहीतरी बोलतात, लोक हसतात. हे सगळं त्या डब्यात.

तर डब्याचा बोर्ड उडाला. दिवा लागेना, डिस्क फिरेना. काका दुकानात घेऊन गेले, तिथल्या पोऱ्याने केसिंग उघडून आतली डिस्क काढली, सरळ साटा केबलला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कला असते त्या वायरीला, लावली, स्क्रीनवर तोच बॉक्स आला आणि तो म्हणाला डिस्क करप्ट झालीय काका, फॉरमॅट मारून देतो, चालू होईल, डेटा मात्र जाईल. इतक्या सहज! काका काही बोलले नाहीत म्हणे, डिस्क उचलली, पिशवीत टाकली, डिस्क लावायचा एक डॉक विकत घेतला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी ते बाहेर गेल्यावर काकूंनी आपलं बघावं तरी म्हणून नव्या लॅपटॉपला लावून बघितली, त्याचा हा फोन.

डिस्क करप्ट नव्हती. एक अक्षरही हललेलं नव्हतं. पण हे कळायला मला ती रात्र लागली, आणि जे कळलं ते इतकं गमतीशीर होतं की झोप गेली ती गेलीच.

त्याचं असं आहे की जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचा कुठला भाग कुठून सुरू होतो त्याची अनुक्रमणिका, त्याला म्हणतात एमबीआर, त्यात सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या एकेका छोट्या कप्प्याचा, नंबर लिहायला ३२ बिटच जागा असते, आणि सेक्टर ५१२ बाइटचा धरला की हिशोब जातो २.२ टीबीपर्यंत, पुढे नंबरच संपतात. त्याच्या पुढचं मोजायला जीपीटी नावाची नवी पद्धत आली, पण ३२ बिटवाल्या एक्सपीला जीपीटीची डिस्क वाचताच येत नाही. मग २०११-१२ च्या सुमाराला तीन टीबीचे डबे विकणाऱ्यांनी काय करायचं, गिऱ्हाइकांकडे तर अजून एक्सपीच. त्यांनी एक हुशारी केली. डब्यातल्या छोट्या बोर्डाने कॉम्प्युटरला सांगायचं की माझा सेक्टर ५१२ चा नाहीये, ४०९६ चा आहे. नंबर तेवढेच, पण प्रत्येक नंबरामागे आठपट जागा, म्हणजे मर्यादा गेली सतरा टीबीच्या वर, एक्सपी खूश, काका खूश. आता डबा मेल्यावर डिस्क बाहेर काढली की मध्ये बोलणारा तो बोर्डच नाही. डिस्क आपली ५१२ च्याच हिशोबाने उत्तर देते, आणि पार्टिशन टेबलात मात्र आकडे लिहिलेत ४०९६ च्या हिशोबाने. अनुक्रमणिका लिहिणाऱ्याने आठ-आठ पानांची एक जुडी धरून नंबर टाकलेत आणि वाचणारा सुटी पानं मोजत चाललाय, तो प्रकरण शोधायला जातो तिथे भलतंच काहीतरी असतं. टेबल सांगत होतं पार्टिशन २५६ व्या सेक्टरला सुरू होतं. विंडोजने २५६ गुणिले ५१२ केलं, तिथे जाऊन बघितलं, तिथे काहीच नाही, आणि त्याने काकूंना फॉरमॅटचं विचारलं.

मी लिनक्स मिंटच्या पेन ड्राइव्हवर लॅपटॉप सुरू केला आणि हेक्समध्ये, म्हणजे डिस्कवर जे आहे ते कच्च्या आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, २५६ गुणिले ४०९६ च्या जागी गेलो, म्हणजे बरोबर एक एमबी आत. शून्य, शून्य, शून्य अशा ओळींमागून ओळी चाललेल्या असतात, बघून बघून डोळे चुरचुरायला लागतात, आणि मग एकदम उजवीकडच्या रकान्यात एन, टी, एफ, एस. चार अक्षरं, विंडोजच्या फाइल ठेवायच्या पद्धतीची सही. मला अक्षरशः उठून पाणी प्यावं लागलं. मग डिस्कवर रीड-ओन्ली लूप डिव्हाइस, म्हणजे नुसतं वाचू देणारा एक मुखवटा, बनवून त्याला सेक्टर ४०९६ चा आहे एवढं सांगितलं, आणि सगळे फोल्डर समोर. 'सप्ता', 'दिंडी', 'बुवा २', 'आवाज खराब पण ठेवायचं'.

ठेवायचं.

त्या बॉक्सचा मला राग येतो तो ह्यासाठी. विंडोज सांगतं काय, तर ड्राइव्ह वापरायच्या आधी तुम्हाला ती फॉरमॅट करावी लागेल, करायची का? ह्यात मला वाचता आली नाही हे वाक्य कुठेच नाही. पहिलं बटण फॉरमॅटचं. मॅकला अनोळखी डिस्क लावली तर तो म्हणतो तुम्ही लावलेली डिस्क ह्या कॉम्प्युटरला वाचता आली नाही, आणि मग इनिशिअलाइझ, इग्नोअर, इजेक्ट अशी तीन बटणं. इनिशिअलाइझ तिथेही आहेच, पण निदान ह्या कॉम्प्युटरला असं तरी म्हणतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला येत असेल अशी शंका तुमच्या मनात येते. लिनक्सची तर वेगळीच तऱ्हा, माउंट करायला, म्हणजे डिस्क उघडायला, गेलात की तो एका दमात सांगतो फाइलसिस्टमचा प्रकार चुकलाय, किंवा ऑप्शन चुकलाय, किंवा सुपरब्लॉक खराब आहे, किंवा आणखी काहीतरी, तुमचं तुम्ही बघा. वैताग आहे, पण खोटं नाही बोलत. मला वाटतं आपल्याकडे विंडोजच्या त्या एका बॉक्सने जेवढे लग्नाचे फोटो घालवले असतील तेवढे व्हायरसनेही घालवले नसतील. आणि रिपेअरवाल्यांची भाषाही त्यातूनच घडलेली आहे, विंडोज मारतो, फॉरमॅट मारतो, सगळं मारतोच. डेटा जाणार का, तर हो, जाणार, बॅकअप नाही का घेतला? त्यांचाही दोष म्हणवत नाही, तीनशे-चारशे रुपयांत कोण रात्रभर हेक्स बघत बसणार.

ह्या असल्या आकड्यांच्या भिंतींशी माझी पहिली ओळख मात्र सांगलीच्या मामांमुळे झाली. मामांचं डीटीपीचं काम, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, दहाव्या-तेराव्याचे कागद, श्रद्धांजलीचे बोर्ड, सगळं पेजमेकरमध्ये. त्यांच्याकडे एक जाडजूड लॅपटॉप होता, सीडीचा ट्रे नुसत्या वजनाने खाली झुललेला, कीबोर्डवरची मात्रा-वेलांटीची बटणं घासून कोरी झालेली. त्याची ४० जीबीची डिस्क टक् टक् करायला लागली. मामांच्या दुकानात एरवी कटिंग मशीन, झेरॉक्स, रस्त्यावरच्या वडापचे हॉर्न असा कल्ला असतो, तरी ते टक् टक् ऐकू यायचं. तेव्हा बाजारात सगळीकडे साटा झालेलं आणि मामांच्या लॅपटॉपला लागणार जुनी आयडीई, ती चव्वेचाळीस केसासारख्या पिनांची, जरा तिरकी दाबली की एखादी पिन आडवी. सांगलीत मिळेना. मी मुंबईला जाणार होतो तर लॅमिंग्टन रोडला चौकशी केली. तिथे एका गाळ्यात काउंटरखालच्या क्रेटमधून काढून दिली, म्हणाला पुलआउट आहे, म्हणजे जुन्या मशीनमधून काढलेली, चालू माल आहे, पण गॅरंटी नाही हां, नुसती चेकिंग वॉरंटी. १६० जीबी. ह्यापेक्षा छोटी नव्हती त्याच्याकडे.

लावली आणि लॅपटॉपने दाखवली १३७.

मामांनी चष्मा वर करून बघितलं. "बाकीची कुठं गेली रं?" म्हटलं मामा, आहे आतच, पण ह्याला दिसत नाही. "मग पैसे कशाला घेतले त्यानं तेवढ्याचे?" ह्याला काय उत्तर द्यायचं. जुन्या मशीनमध्ये सेक्टरचा नंबर २८ बिटांचा, दोनाचा अठ्ठाविसावा घात गुणिले ५१२ केलं की येतात बरोबर १३७ जीबी, त्याच्या पुढे ४८ बिटांचं यायला २००२ उजाडलं, एक्सपीला तो पाठिंबा पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये मिळाला आणि मामांकडची सीडी त्याच्या आधीची. आणि नुसतं कमी दिसतं एवढ्यावर भागत असतं तर बरं. अशी डिस्क दुसऱ्या मशीनवर पूर्ण १६० ची करून आणली आणि मग जुन्या एक्सपीला लावली, तर १३७ च्या पलीकडे लिहायला गेल्यावर नंबर गुंडाळला जाऊन परत शून्यापासून सुरू होऊ शकतो, म्हणजे नवीन पत्रिका सेव्ह करायला जावं आणि ती डिस्कच्या पहिल्या पानावर, विंडोजच्याच डोक्यावर लिहिली जावी. म्हणून मी १२० जीबीचं पार्टिशन केलं आणि पुढचा तुकडा कोराच ठेवला. मामांना ते कोरं ठेवणं शेवटपर्यंत पटलं नाही. प्रेसवाल्या माणसाला कागद वाया गेलेला बघवत नाही.

हे आकडे मी पुढे पुढे गोळाच करायला लागलो. ५०४ एमबीची भिंत, ८.४ जीबीची भिंत, काही बायोसना, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामना, ३२ जीबीची, मग १३७, मग २.२ टीबी. प्रत्येक वेळी कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलंय की एवढे बिट पुरेत, आणि त्यात त्यांचं चुकलंही नव्हतं, ४० एमबीच्या डिस्क विकल्या जात होत्या त्या काळात १३७ म्हणजे कोणाच्या बापाने भरली असती. बिट वाचवणं हे तेव्हा शहाणपणाचंच काम. मला त्या माणसांबद्दल चीड वगैरे येत नाही, उलट जरा आपलेपणाच वाटतो. माझ्या आजोबांनी गावचं घर बांधताना मोटार येईल असं धरून दार ठेवलं नव्हतं, त्यावरून त्यांना कोण नावं ठेवतंय.

मामांचा तो लॅपटॉप नंतर गेलाच, आणि सेकंडहँड घेतलेला २००९ चा लॅपटॉप आला. त्यावर एक्सपीनंतरची विंडोज, व्हिस्टा होती. पण पेजमेकर आणि फॉन्टचा डोंगल, म्हणजे फॉन्ट चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली, ह्यांना एक्सपीच पाहिजे, त्यामुळे एक्सपी टाकायला घेतली तर निळ्या स्क्रीनवर सेटअप म्हणतो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हार्डडिस्कच सापडली नाही. डिस्क आहे, व्हिस्टा आत्ता आत्तापर्यंत तिच्यावरून चालत होती! कारण एवढंच की साटाचा कंट्रोलर एएचसीआय नावाच्या नव्या मोडमध्ये होता आणि एक्सपीच्या सीडीवर त्याचा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर द्यायचा असेल तर सुरुवातीला एफ सिक्स दाबा आणि फ्लॉपी घाला म्हणे. फ्लॉपी! ज्या लॅपटॉपला फ्लॉपीचं तोंडच नाही त्याला. शेवटी बायोसमध्ये जाऊन साटा मोड कंपॅटिबल केला आणि गप्प बसला. आता त्यातही मेख अशी की नंतर कोणी हौशी माणसाने तो मोड परत एएचसीआय केला की एक्सपी चालू होता होता निळा पडदा, शेवटी सेव्हन बी असलेला कोड, आणि दुकानदाराचं निदान ठरलेलं, डिस्क गेली. मी मामांच्या लॅपटॉपच्या पोटावर स्केचपेनने लिहून ठेवलंय, बायोसमध्ये हात घालू नये. खाली मामांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात जोडलंय, आज्ञेवरून.

आमच्या घरात हा घोळ दिवाळीला वेगळ्या रूपात होतो. बहिणीची मुलगी जर्मनीहून मॅक घेऊन येते, मी लिनक्सवर, मेहुणे विंडोजवर, आणि मध्ये एक डिस्क, सगळ्यांचे फोटो एका ठिकाणी करू म्हणून. एनटीएफएस असेल तर मॅक वाचतो पण त्यावर लिहू देत नाही. "मामा, सगळं दिसतंय पण टाकता येत नाहीये," हे मी दर वर्षी ऐकतो. एफएटी३२ केली तर सगळ्यांना चालते, अगदी टीव्हीलाही, पण चार जीबीच्या वर एक फाइल घेत नाही. आणि माझ्या भाच्याच्या मुंजीचं शूटिंग मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेलं, ते तासाला तेरा जीबी खातं, म्हणजे वीसेक मिनिटांत चार जीबी खलास, भटजी अजून संकल्पावर आणि फाइल भरली. एक्सएफएटी हा त्यातल्या त्यात तोडगा, पण तो एक्सपीला कळायला २००९ चा एक वेगळा पॅच टाकावा लागतो आणि लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, तो यायला २०१९ उजाडलं, तेही मायक्रोसॉफ्टने आधी त्याचे कागद खुले केल्यावर. शिवाय त्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायची नोंदवही, नाही, त्यामुळे मेहुण्यांनी घाईत डिस्क उपटली की पोटात गोळा येतो. माझ्याच घरात मी 'इजेक्ट करा मग काढा' असं ओरडणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. मेहुण्यांच्या विंडोजचं आणखी एक, शटडाउन केल्यावर तो खरा बंद होतच नाही, विंडोज एटपासून फास्ट स्टार्टअप नावाने अर्धवट झोपतो, आणि त्याच मशीनवर मी लिनक्स लावला की लिनक्स म्हणतो तो झोपलेला आहे, त्याच्या डिस्कवर मी लिहिणार नाही. मला हे फार सभ्य वाटतं. उपयोगाचं नाही, पण सभ्य.

काकांकडे परत येतो. सगळं नव्या चार टीबीच्या डिस्कवर कॉपी करत ठेवलं, ते बऱ्यापैकी दिवस चाललं. काका रोज संध्याकाळी येऊन खुर्ची ओढून बसायचे आणि हिरवी पट्टी पुढे सरकताना बघायचे, एखादं फाइलचं नाव गेलं की त्या गावाची गोष्ट सांगायचे, तिथली वसाहत, तिथला बाजार कोणत्या वारी, क्वार्टरच्या मागे निघालेला नाग. मला वाटलं संपलं आता. तर त्यांनी यादीची फाइल उघडली. कोणत्या कॅसेटवर कुठलं गाव, कुठले बुवा, कोणती तिथी, सगळं त्यांनी वर्षानुवर्षं वर्डमध्ये टाइप केलेलं, आणि माझ्या स्क्रीनवर ते दिसत होतं इंग्रजी अक्षरं, उलटे प्रश्नचिन्ह, पौंडाची खूण, टोप्या घातलेले ए आणि ओ. जुना मराठी फॉन्ट. त्यात मराठी अक्षरांचे आकार इंग्रजीच्या जागांवर बसवलेले, फॉन्ट असेल तर कीर्तन आणि नसेल तर कचरा. एक्सपीत युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःच्या जागा देणारी पद्धत, होतंच की, मंगल फॉन्ट विंडोज २००० पासून येतोय, पण एक्सपीमध्ये ते चालू करायला रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करायची आणि मग तो विंडोजची सीडी मागायचा, आणि सीडी कोणाकडे असायची? म्हणून गल्लोगल्ली फॉन्टवरच काम भागवलं गेलं. डिस्क वाचता आली, पार्टिशन वाचता आलं, फाइल उघडली, आणि अक्षराशी येऊन गाडी अडली. काका शांतपणे म्हणाले, "हे तर फॉरमॅट नाही ना मागणार?"

त्यांच्या जुन्या लॅपटॉपच्या फॉन्ट फोल्डरमधून तो फॉन्ट उचलून आणला आणि यादी दिसली. ती युनिकोडमध्ये आणायचं काम अजून चालू आहे, कन्व्हर्टर र्‍हस्व वेलांटी एक अक्षर पुढे टाकतो आणि रफार उडवतो, त्यामुळे 'कीर्तन'चं 'कीतन' होतं, आणि काका प्रत्येक ओळ तपासतात कारण बुवांचं नाव चुकलेलं त्यांना खपत नाही. आणि आता त्यांचं म्हणणं असं की ऐकायचं मात्र जुन्याच लॅपटॉपवर, त्या स्पीकरचा आवाज कानाला बसलाय. चार टीबीची डिस्क जीपीटी, ती एक्सपीला दिसणार नाही. ५०० जीबीची एक छोटी डिस्क शोधली, एमबीआर करून एनटीएफएस केली, तर त्या लॅपटॉपच्या यूएसबीतून तिला पुरेसा करंटच मिळेना, ५०० मिलिअँपच्या हिशोबाचं ते पोर्ट, डिस्क फिरायचा प्रयत्न करून टिक करून बसायची. मग दोन तोंडांची वाय केबल आणली, एक तोंड डेटाला, एक नुसतं करंटला, आणि लॅपटॉपची दोन्ही पोर्टं त्यात गेल्यामुळे आता माउसला जागा नाही. काका टचपॅडवर बोट फिरवत कुरकुरतात पण ऐकतात.

ह्या सगळ्यात एक बरं होतं असं आता वाटतं, की जे लिहिलं होतं ते उघडं लिहिलेलं होतं. हिशोब कळला की वाचता यायचं. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोराने त्याचा लॅपटॉप आणला, दोन वर्षांचा, मदरबोर्ड मेलेला. त्यातली ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई डिस्क काढली, केसिंगमध्ये घातली, माझ्या मशीनला लावली. लगेच दिसली, एका सेकंदात, पार्टिशन, साइज, सगळं व्यवस्थित, आणि मग बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, वापरणाऱ्याला पत्ताही नसतो, आणि की त्या अकाउंटवर जाऊन बसते. चोराच्या हाती लागली तर चांगलंच आहे की ते, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण इथे हेक्स बघून काही उपयोग नाही, सगळीकडे नुसता गोंधळ, चार अक्षरंही ओळखीची नाहीत. त्याला विचारलं कुठला ईमेल वापरून सुरू केला होतास रे हा? म्हणाला, "मी नाही केला दादा, शोरूममध्येच त्या मुलाने चालू करून दिला, ईमेल पण त्यानेच बनवला." बिलावर बघितलं, बॉक्सवर बघितलं, पोराच्या आईने ड्रॉवर उपसला. शोरूममध्ये जाऊन आला तर तो मुलगा नोकरी सोडून गेलाय, आता तो बहुतेक चिंचवडच्या कुठल्याशा मोबाइलच्या दुकानात असतो, रविवारी जाऊन बघणार आहोत.